हसनाबादचा हात

तारा उतरवल्या आणि नागसेनने आपल्या वैऱ्याकडे पहिल्यांदा जवळून पाहिलं.

मँडोलिन दैवशालाने आणलं होतं. माहेराहून, हसनाबादहून, जुन्या साडीत गुंडाळून. "अप्पाच्या गाणपार्टीतलं हाय. बघा, वाजतं का," एवढंच बायको म्हणाली आणि आत गेली. नवीन जालन्यात घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. जुनी वाद्यं दुरुस्तीला यायची. कुणी बनवलं, किती जुनं, वाजवणारा कसा होता, हे तो हात फिरवून सांगायचा.

हा वाजवणारा त्याला ठाऊक होता. नाव सोडून.

सासऱ्याच्या पार्टीची एक कॅसेट भोकरदनकडे घरोघरी होती. नागसेन कुठंही मँडोलिन वाजवून उठला की कुणीतरी म्हणायचंच, "हात चांगला हाय तुमचा. पण त्या कॅसेटवर जो हाय ना..." पुढं नुसतं च्यक्. दैवशाला ती चाल भांडी घासताना गुणगुणायची. कोण होता तो, असं विचारलं की म्हणायची, "जाऊ द्या ना आता."

जाऊ द्या!

तर तारांखालचे धातूचे पडदे. खाली, पोटाजवळ झिजलेले. जिथं नागसेनचं बोट आजही अडखळायचं, नेमके तिथं.

मान. अंगठ्याने गुळगुळीत झालेली जागा लहानशी. बारीक चणीचा असणार. देखणासुद्धा असेल, मेला.

कड. उजवं मनगट टेकतं तिथलं पॉलिश ओरबाडलेलं. नुसत्या बारीक चंद्रकोरी, एकीवर एक. त्याने ब्रश फिरवला. काचेचा हिरवा कण निघाला.

बांगडीचा.

"दैवशाला!"

तिने येऊन कडेवरचं त्याचं बोट पाहिलं आणि हसली. "अप्पा काढून ठेवायच्या म्हणायचे. ध्यानातच राह्यचं न्हाई."

"कॅसेटवर... तू?"

"मंग कोण?"

नागसेनला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो नव्हताच कुणी! तो मोठ्याने हसला. "येडी का काय तू? सांगायचं न्हाई का मंग?"

"सांगणारच होते. लग्न झाल्यावर लगेच." ती साडीची घडी घालू लागली. घडी घालून झाली. पुन्हा उलगडली. "पण त्याच दिवशी तुम्ही मला वाजवून दाखवलं."

त्यापेक्षा खरंच तसा कुणी असता तर बरं झालं असतं, असं नागसेनला वाटलं.