उजवीकडच्या पट्ट्या

‘ग’ पुन्हा दबला.

“दे इकडे,” प्रणाली म्हणाली. तिने आईच्या हातातला कलिंबा, तो अंगठ्यांनी छेडायचा छोटा बाजा, घेतला, मधल्या पट्टीच्या उजवीकडची पट्टी छोट्या हातोडीने हलकेच ठोकली आणि स्वतः छेडून पाहिली. ग स्वच्छ वाजला. मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा मधोमध थांबला.

“आता वाजव.”

जमुनाने वाजवलं. कलिंब्यात मधली सर्वांत लांब पट्टी सा, तिच्या डावीकडे रे, उजवीकडे ग, पुन्हा डावीकडे म, उजवीकडे प. दोन अंगठे आळीपाळीने चालले की चाल पुरी होते. सा आला, रे आला. ग आला नाही. लोखंडावरून नख घसरल्याचा नुसता खरखर आवाज आला. म आला. प आला नाही.

“बराबर वाजून राह्यलं का?”

“नाही.”

ट्यूनरला नीट ऐकू यावं म्हणून कुलर बंद केला होता. अमरावतीतलं ते दोन खोल्यांचं घर दुपारच्या उन्हात तापलं होतं. खिळ्याला संध्याकाळचे गजरे ओल्या फडक्यात टांगलेले होते.

प्रणाली अकोल्याच्या कॉलेजात शिकवायची. आईकडे आली की पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची. शिक्षणासाठी बाहेर पडल्यापासून ती घरातही पुस्तकी मराठी बोलायची. मागच्या वेळी जमुनाने फोनवर कुणाला तरी कलिंबा वाजवताना पाहिलं होतं. “ह्याले तं दोन अंगठेच लागतात. तेवढं मायाजवळ हाय,” असं म्हणाली होती. देवळाबाहेर गजरे गुंफण्यात तिचा जन्म गेला होता. देठ खुडायला उजव्या अंगठ्याचं नख ती वाढवून ठेवायची. म्हणून प्रणालीने अकोल्याच्या दुकानातून तीन कलिंबे आणले होते. त्यातला एक ठेवायचा, बाकीचे परत करायचे.

काचेसारखा पारदर्शक जमुनाच्या हातातून निसटून गोधडीवर पडला. “हे तं बर्फाची लादी हाय,” ती म्हणाली. सपाट फळीचा तिने कानाशी धरला. “हा गुमसुम हाय. आपल्या भाऊजीसारखा.” पोकळ पेटीचा मात्र मांडीवरून सोडला नाही. “हा बोलते.”

पण तिन्हींत ग आणि प दबत होते. प्रणालीच्या हाती वाजत, आईच्या हाती नाही. एकाच कारखान्याचा खराब माल असणार, असं तिने ठरवलं. तिने उजवीकडच्या पट्ट्यांखाली कागदाच्या चिंध्या सरकवल्या, पट्ट्या हलल्यावर पुन्हा सूर लावला.

“आता बराबर?”

“नाही, आई.”

“एवढी पुस्तकं वाचली अन् एक पट्टी सरळ व्हून नाही राह्यली तुयाच्यानं?” जमुना हसली. हसू एका बाजूला जरा मागे राहिलं.

खिळ्यावरच्या गजऱ्यातली एक कळी टपकन फरशीवर पडली. थोड्या वेळाने दुसरी. जमुनाची गाठ देवीच्या गळ्यातून गजरा उतरला तरी सुटत नाही, असं बाजारात म्हणत. उन्हाने दोरा सैल झाला असेल, असं प्रणालीला वाटलं.

“माझी बस जाईल.”

“जाऊ दे नं. एकच बस हाय का गावात? हे ‘प’ तेवढं पाहून दे.”

ती बस गेली. त्यानंतरचीही गेली. जमुनाने चहा डाव्या हाताने बशीत ओतून प्यायला. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, मध्ये हातोडी. ग शेवटपर्यंत आला नाही. “पुढच्या वेळी दुसरा आणते,” असं म्हणून प्रणाली दिवेलागणीला निघाली.

सकाळी महेजबीनचा फोन आला. देवळाबाहेर जमुनाच्या शेजारी तिचं दोरा-अगरबत्तीचं दुकान होतं. जमुनाला लकवा मारला होता. प्रणालीची बस मूर्तिजापूरच्या पुढे जाईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवी झाल्यावर महेजबीन घरी आली. तिने कोपऱ्यातल्या कलिंब्याकडे पाहिलं.

“हाच का तो बाजा?”

“हो, मावशी. बिघडलेला आहे.”

महेजबीनने ओढणी सारखी केली. “बाजा नाही बिघडला, बेटा. जमुनाचा उजवा अंगठाच जड पडला होता. तू यायच्या आधीपासून. गाठ बसेना. मी म्हटलं, चाल डॉक्टरकडे. तं म्हणे, रविवारी पोट्टी येऊन राह्यली, ती गेली का जातो.”

महेजबीन कलिंब्याशेजारी टेकली.

“त्या सांजेले दुकानावर आली तं लय खुश होती. म्हणे, आज बाजा वाजलाच नाही. म्हटलं, मंग हसतं काहून? तं म्हणे, वाजला असता तं पोट्टी उठून खिडकीत गेली असती. दिवसभर मायाजवळ बसली.”

महेजबीन गेल्यावर प्रणालीने कुलर बंद केला. पोकळ पेटीचा कलिंबा मांडीवर घेतला. पट्ट्यांखालच्या चिंध्या एकेक करून काढल्या. ट्यूनर लावला नाही.

तिने सा छेडला, मग रे. ग यायचा तिथे उजवा अंगठा पट्टीवर नुसता टेकवला आणि पुढे गेली. म. मग पुन्हा थोडी रिकामी जागा. अशी ती चाल तिने अखेरपर्यंत नेली, आईने वाजवली तशीच, एकही जागा न भरता.

मग ती मोठ्याने म्हणाली, “बराबर वाजून राह्यलं, माय.”