तुमच्याकडे चांगलं काय आहे?

शाळा पाहायला आलेल्या तिउर सितोरुसबाईंनी चष्मा पुसून नाकावर ठेवला, समोरचा कागद सरळ केला आणि विचारलं, "तुमच्या शाळेत चांगलं काय आहे?"

सुलास्त्रीबाईंची मान आपसूक खाली गेली. बावीस वर्षं त्या जावा बेटावरच्या सालातिगा गावात परदेशी लोकांना इंडोनेशियन भाषा शिकवत होत्या. पण आपल्या तोंडानं आपलं चांगलं सांगायचं म्हटलं की जावातल्या बाईची जीभ जड होते. त्यातून आज गुरुवार, त्यांच्या उपासाचा वार. उपाशी तोंडानं बढाई मारायची म्हणजे त्यांना जिवावर आलं होतं.

शेजारी बसलेले, शाळेचा कारभार पाहणारे वाहोनोसर खाकरले. बाई कमीपणा घेऊ लागल्या की खाकरून आठवण द्यायची, असं ठरलेलं होतं. परदेशी विद्यार्थ्यांनी शिकायला इंडोनेशियात यावं म्हणून झटणारी शाळांची एक सेवाभावी संघटना होती. तिच्या यादीत नाव आलं तरच देशोदेशीच्या मेळाव्यांत शाळेची ओळख व्हायची, आणि तिउरबाई त्याच संघटनेकडून आल्या होत्या. गेल्या वर्षी सुलास्त्रीबाईंनी सदस्यत्वाचा अर्ज स्वतः भरला होता. 'वैशिष्ट्ये' या रकान्यात लिहिलं होतं, 'अजून शिकतो आहोत.' 'उणिवा' या रकान्याला मात्र दोन जादा पानं जोडली होती. न्हाणीघराच्या गळक्या नळासकट. अर्ज परत आला. यंदा वर्गात चारच विद्यार्थी उरले होते आणि पुढच्या सहामाहीला एकही नाव आलेलं नव्हतं. या वर्षीही नकार आला तर वर्ग बंद आणि तिन्ही शिक्षिका घरी.

"आमच्या शिक्षिका वाईट नाहीत," सुलास्त्रीबाई म्हणाल्या.

वाहोनोसर पुन्हा खाकरले.

"म्हणजे चांगल्या आहेत. बऱ्यापैकी." एवढं बोलतानाच त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

तिउरबाईंनी काहीच लिहिलं नाही. त्या सुमात्रातल्या बाताक घरातल्या. मनात असेल ते बोलायचं आणि शेजारघरी ऐकू जाईल असं बोलायचं, ही त्यांच्याकडची रीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विद्यार्थ्यांपैकी कुणाला तरी बोलवा म्हणाल्या.

वाहोनोसरांना हायसं वाटलं. इल्दिकोला त्यांनी तीन दिवस पढवलं होतं. ही हंगेरीची मुलगी सगळ्यांत हुशार. ताठ बस, मोठ्यानं बोल, मला सगळं येतं म्हणून सांग, असं त्यांनी तिला बजावलं होतं आणि तिनंही दर वेळी गोड हसून मान डोलावली होती.

इल्दिको आली. उंचीला दाराच्या चौकटीला लागेल एवढी. पण मोठ्या माणसांसमोरून जायचं म्हणून कमरेत वाकली, उजवा हात पुढे जमिनीकडे झुकवला, "माफ करा हं, समोरून जाते," असं पुटपुटत खुर्चीपाशी पोचली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

"आठ महिने झाले ना तुला? भाषा आली का?" तिउरबाईंनी आपल्या नेहमीच्या भरधाव इंडोनेशियनमध्ये विचारलं.

"अजून कुठे, बू," इल्दिको त्याच भाषेत हळूच म्हणाली; बू म्हणजे बाई. "या सगळ्यांनी जिवापाड मेहनत घेतली. मीच मेली मंद डोक्याची."

वाहोनोसरांनी डोळे मिटून घेतले.

"आणि शाळा कशी आहे?"

"साधीच आहे, बू. तुम्ही एवढ्या लांबून आलात, आणि आमच्याकडे तुम्हाला दाखवण्यासारखं काही नाही. आम्हालाच ओशाळं वाटतं."

सुलास्त्रीबाईंनी तिउरबाईंपुढच्या कोऱ्या रकान्याकडे पाहिलं. त्याच वेळी 'आमच्याकडे' हा शब्द त्यांच्या कानात गोड वाजला. या पोरीनं आज आपली शाळा बुडवली, आणि तरी तिला पोटाशी धरावंसं वाटत होतं.

तिउरबाईंनी केळीच्या पानातल्या चिकट भाताच्या वळकट्यांची बशी तिच्यापुढे सरकवली. आत्ताच जेवले, असं इल्दिको म्हणाली. ती पहाटेपासून याच वळकट्या बांधत बसली होती आणि तिच्या पोटात कण गेलेला नव्हता, हे सुलास्त्रीबाईंना ठाऊक होतं. तिउरबाईंनी पुन्हा आग्रह केला. तुम्ही कशाला त्रास घेता, म्हणत तिनं पुन्हा नकार दिला. तिसऱ्यांदा बशी आली तेव्हा तिनं त्यातली सर्वांत लहान वळकटी उचलली, उजव्या हातानं, आणि तशीच धरून बसली. तिउरबाईंनी स्वतः एक घास घेतल्यावरच तिनं पान सोडलं.

तिउरबाईंनी हातातली वळकटी संपवली. मग सुलास्त्रीबाईंकडे वळल्या.

"या महिन्यात नऊ शाळा पाहिल्या मी, बू. प्रत्येक ठिकाणी एकेक विद्यार्थी समोर बसवला. माझी इंडोनेशियन अगदी अस्खलित झाली, असं सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं." त्यांनी पेन उचललं. "सगळ्यांनी इंग्रजीत."

आणि त्या लिहू लागल्या. एक ओळ, दोन ओळी, अख्खा रकाना. सुलास्त्रीबाईंना ते पाहवेना. पण आमच्यात अजून बरंच कमी आहे, असं त्या सुरू करणार तोच तिउरबाईंनी डावा हात वर केला आणि आता कृपा करून काही बोलू नका, मला खोडावं लागेल, असं बजावलं. वाहोनोसर या वेळी खाकरायचं सोडून खळखळून हसले.

खाली सही झाली. मार्चमध्ये बुडापेस्टला सदस्य शाळांचा स्टॉल लागणार आहे, तुमचा फलक वेळेत पाठवा, असं तिउरबाईंनी सांगितलं. मग इल्दिकोला विचारलं, त्या वेळी तू गावी असशील, तर उभी राहशील का स्टॉलवर?

इल्दिको खुर्चीतून अर्धी उठली. "मी, बू? छे हो. मला कुठे जमणार एवढं. माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी बघा."

तिउरबाई क्षणभर गोंधळल्या. पेन कागदावर टेकवून त्यांनी सुलास्त्रीबाईंना विचारलं, "येणार, असं धरू ना?"

"धरा," सुलास्त्रीबाई म्हणाल्या.