कावळे विसरत नाहीत

कल्पना करा, मुलांनो, की तुमच्या दोन्ही हातांत एक जिवंत कावळा आहे. पंख मिटलेले, पण छाती धडधडतेय. घट्ट धरलं तर त्याला दुखेल, सैल सोडलं तर भुर्रकन उडून जाईल. चिऊ अंगणात अशीच उभी होती आणि तिचा मामा कावळ्याच्या पायात रंगीत कडी अडकवत होता.

"हलू नकोस चिऊताई. चिमणीने कावळा धरलाय, कुणाला सांगून खरं वाटेल का?"

चिऊ खुदकन हसली. वर झाडावर बाकीच्या कावळ्यांनी नुसता कल्ला मांडला होता.

मामा पक्ष्यांवर पीएच.डी. करत होता. एका शहरात बीएस्सी, दुसऱ्यात एमएस्सी, आता हे तिसऱ्यात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! त्या पाठीवरच्या बिऱ्हाडात दुर्बीण, तंबू आणि डोंगर चढायचे दोर. कावळे पकडायला तो मुद्दाम बहिणीकडे येऊन राहिला होता. जाळं लावायचं म्हटलं की सायकलचं हेल्मेट, काळा चष्मा आणि नाकावर मफलर.

"धूळ सोसत नाही गं मला," तो म्हणायचा.

चिऊचा मामावर भारी जीव. बैठकीच्या खोलीत त्याचा पदवी घेतानाचा फोटो होता, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, चेहरा अगदी खऱ्याएवढा. शाळेत जाताना ती त्यालासुद्धा टाटा करायची.

मग एका सकाळी ती सायकल घेऊन फाटकापाशी पोचली आणि डोक्यावर सपकन काहीतरी आदळलं. पुन्हा एकदा. पुन्हा. कपाळावरून रक्ताचा ओघळ घेऊन ती घरात पळाली.

मामा खिडकीतून सगळं पाहत होता. त्याचे डोळे चमकत होते.

"पायात कडी नसलेलेही आले होते ना गं?"

"मामा, ते मलाच का मारतात?"

"कावळा पकडणाऱ्याचा चेहरा विसरत नाही, बाळ. पिल्लांनाही शिकवून ठेवतो. माझं म्हणणं खरं ठरलं बघ!"

"पण जाळं तर तू लावलंस."

"मी तोंड झाकलं होतं ना." त्याने तिच्या कपाळाला कापूस लावला. "बाकीचे लोक यासाठी मुखवटा घालतात. साधा कागदी चेहरा, डोळ्यांना भोकं. कावळ्यांना तेवढं पुरतं. पण मी कुठे मुखवटे बनवत बसू? तू होतीस की घरात."

आई म्हणाली, "मामाच्या डिग्रीचा प्रश्न आहे, चिऊ. छत्री घेऊन जात जा."

मामा त्याच्या शहरात परत गेला. जाळं माळ्यावर राहिलं. चिऊची सायकल गंजू लागली. बाहेर मुलं खेळायची आणि ती काचेला नाक लावून बघायची. छत्री बंद करायचा अवकाश, कावळे हजर. त्यांत आता नवी पिल्लंही होती.

एके दिवशी मामाचा फोन आला.

"चिऊताई, तिथली खोली सोडतोय. आता तुमच्याकडेच येतो. अंगणात तंबू ठोकणार, झाडाखाली. सगळी निरीक्षणं तिथेच झाली की डिग्री हातात!"

"म्हणजे तू रोज बाहेर असणार?"

"दिवसभर! आणि या खेपेला हेल्मेट नको, मफलर नको. मला कुठे ओळखतात ते? रागावली नाहीस ना?"

"छे. लवकर ये."

"गुणाची गं माझी!"

चिऊने फोन ठेवला. किती दिवसांनी ती अशी गुणगुणत होती! तिने स्टूल ओढून माळ्यावरचं जाळं खाली काढलं. त्याच्या गाठी तपासल्या, अगदी मामाने शिकवल्या होत्या तशा. जाळ्याखाली टाकायला पोळीचे तुकडे केले.

मग ती बैठकीच्या खोलीत गेली, भिंतीवरचा फोटो उतरवला, मांडीवर घेतला आणि कात्रीने मामाचे दोन्ही डोळे गोल कापून काढले.