गप्प हात

रंगारी सात वाजेपर्यंत गाढ झोपला होता. बायकोला बरं वाटलं. गेल्या दोन वर्षांत तो असा निजला नव्हता. रोजच्यासारखा तिनं त्याच्या डाव्या हातावर तळवा टेकला, आणि उचलून परत टेकला.

हात गार नव्हता, सुजलाही नव्हता. नुसता गप्प होता.

मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त मशीनमधून शुद्ध करून घ्यावं लागे. त्यासाठी मनगटाच्या वर एक धमनी शिरेला जोडली होती. धमनीतला लोंढा शिरेत शिरायचा. त्यानं शीर फुगून टणक झाली होती, दाभणाएवढ्या सुया सोसायला लागली होती. कातडीखाली रात्रंदिवस घरघर चाले. उजव्या हाताची अशी जोडणी दोनदा फसली होती. आता हाच एक उरला होता.

"अहो, उठा. हाताला घरघर लागत नाहीये."

"नीट बघ. हळू चालू असेल."

"मला शिकवू नका. शर्ट घाला."

टॅक्सीत ती मनगटापासून कोपरापर्यंत बोटं सरकवत राहिली. दाबून बघितलं, हलकेच बघितलं, डोळे मिटून बघितलं. रंगारी खिडकीबाहेर बघत होता.

"ती पिवळी बिल्डिंग बघ. आधीचा रंग खरवडलाच नाही लेकांनी. वर्षात पोपडे येणार."

"गप्प बसा हो!"

ती एवढ्यांदा ओरडली की ड्रायव्हरनं घाबरून रेडिओ बंद केला.

दवाखान्यात सिस्टरनं हातावर थंडगार जेल लावून यंत्र फिरवलं. त्यातून रक्ताचा आवाज आला नाही, नुसती यंत्राची खरखर आली. सर्जनबाई धावतच आल्या. वयानं रंगाऱ्याच्या मुलीसारख्या.

"कधीपासून बंद आहे?"

"आज सकाळी कळलं," बायको म्हणाली.

"काल रात्री बघितलं होतं?"

"रात्री यांनीच बघितलं. चालू आहे म्हणाले."

सर्जनबाई त्याच्याकडे वळल्या. "काका, नक्की वेळ सांगा. गुठळी ताजी असेल तर ओढून काढता येते. जुनी झाली की शिरेला आतून घट्ट धरते. मग ओढताना शीरच फाटते."

रंगाऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"काल दुपारी. दोनच्या सुमाराला."

बायकोच्या हातातली फाइल खाली पडली. तिनं ती उचलली नाही. "आणि मला बोलला नाहीत?"

"रात्री हात उशीवर आला की कानात चालूच असतं गं ते. घर्र, घर्र. काल थांबलं. म्हटलं, एक रात्र निजावं." त्यानं हातावरचं जेल पुसलं. "मग वाटलं, नाही झालं परत चालू, तरी चालेल."

सर्जनबाईंनी घड्याळ बघितलं.

"अठरा तास झालेत. प्रयत्न करू. पण तुमची संमती लागेल."

सिस्टरनं कागद पुढे केला. रंगाऱ्यानं पेन घेतलं नाही. त्यानं बायकोकडे बघितलं, ती विनवेल म्हणून.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "सही तुमची आहे. नको असेल तर तसं सांगा, आपण घरी जाऊ." आवाज नेहमीचाच होता, पण फाइल अजून जमिनीवरच होती.

त्यानं कागद गुडघ्यावर घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. मग पेन मागितलं. अक्षर वेडंवाकडं आलं म्हणून नाव परत एकदा नीट लिहिलं.

पुढचे दोन तास बायको ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन मिनिटंही बसली नाही. पाण्याची बाटली भरून आणली, ओतून दिली, परत भरली. पंखा कुठल्या बटणाचा, हे विनाकारण शोधलं. शेजारच्या बाईनं "कोण आहे आत?" विचारलं, तर "कुणी नाही" म्हणाली, आणि लगेच "नवरा" म्हणाली.

दार उघडलं. सर्जनबाईंनी मास्क खाली ओढला.

"निघाली गुठळी. रक्त वाहतंय. अजून दोन दिवस धाकधूक आहेच. हात फक्त बधिर केला होता, ते जागे आहेत. भेटायचंय?"

"भेटायचं नाही. भांडायचंय मला त्यांच्याशी."

"पाचच मिनिटं हं," सिस्टर म्हणाली.

"पाच मिनिटांत कुठं होतंय," पुटपुटत तिनं चपला बाहेर काढल्या आणि डोळे पुसून आत गेली.