जिन्याखाली

दारूबंदी आल्यावर भिवा हातभट्टीची प्यायला लागला, ती मिळाली नाही की सुतारांचं पॉलिशसुद्धा. कोलशेतच्या मिठागरावरचं काम गेलं, मग खोपटंही गेलं, आणि त्याच्या बायकोने, सगुणाने, संसाराचं बोचकं ठाण्याच्या बाजारातल्या एका जिन्याखाली आणून ठेवलं. पुढे कधीतरी पोलिसांनी भिवाला पिऊन पडलेला उचलला. तीन महिन्यांनी तो सुटला, तेव्हा सगुणा तुरुंगाच्या दरवाजाशी उभी होती. बऱ्याच वर्षांनी त्याची पावलं सरळ पडत होती.

जिन्याखाली आल्यावर मात्र तो बसेना. उठायचा, रस्त्यापर्यंत जायचा, परत यायचा. चुलीच्या तीन विटांकडे बघायचा, दोरीवरच्या तिच्या लुगड्याकडे बघायचा आणि पुन्हा उठायचा. दुपार टळली तरी तेच. सगुणाला वाटलं, तलफ आली असणार.

"एवढा जीव कासावीस होतोय तर आणते मी घोटभर," ती हळूच म्हणाली. "पण अशा येरझाऱ्या नका घालू."

भिवाने नको म्हणून मान हलवली आणि तो तिच्याजवळ येऊन बसला.



"सगुणा, आपण इथं कधीपासून राहतो गं?"