अनुभवाची अट

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएच.डी.च्या मुलाखतीत विभागप्रमुख सोहनी सरांनी हर्षालीला विचारलं, "समजा, साठीचे एक गृहस्थ आहेत. मुलगा त्यांच्याशी बोलत नाही. काय कराल?"

"आधी त्यांचं ऐकून घेईन. कधीपासून बोलत नाही, सर?"

"दिवाळीपासून," सर म्हणाले आणि त्यांनी समोरची फाईल मिटली. पुढे पाऊण तास ते बोलत होते आणि हर्षाली ऐकत होती. बाकीचे परीक्षक मान खाली घालून बिस्किटं खात होते.

आठवड्याने निकाल लागला: 'नामंजूर. रुग्ण हाताळण्याचा अनुभव नाही.'

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. "अहो, त्या दिवशी मुलाला फोन केला. बोलला तो! मंगळवारी पुन्हा वेळ द्याल?"

हर्षालीला खरंच आनंद झाला. "छान झालं, सर. आता मात्र एखादा अनुभवी माणूस गाठा."