न कुजणारं कापड

फोन नानासोंनी मनुबाईला दिसेल असा धरला होता. सांगलीच्या हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरच्या बाकावर दोघं नवराबायको गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. आत त्यांचा पोरगा शंभूराज बेचाळीस दिवस डोळे मिटून पडला होता. आणि फोनवर आयर्लंड दिसत होतं.

तिथं दगडांनी बांधून काढलेला एक झरा होता आणि त्याच्यावर वाकलेलं काटेरी झाड. झाड पांढऱ्या फुलांनी गच्च भरलं होतं, पण मनुबाईला फुलांचं काय? ती फांद्यांना बांधलेल्या चिंध्या बघत होती. लेक क्रांती तिकडं वृद्धाश्रमात नर्स. तिथल्याच नोरा नावाच्या म्हातारीनं तिला ही जागा सांगितली होती. दुखणाईताच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडायची, झऱ्यात बुडवायची, झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाते, तसं दुखणं उतरत जातं. बांधलेली चिंधी मात्र कुणी सोडायची नाही, सोडील त्याला ते दुखणं लागतं. मनुबाईला यात काही नवल वाटलं नव्हतं. आपल्याकडंही वाटेवरच्या झाडाला लोक चिंध्या बांधतातच. फक्त आपला देव कापड कुजायची वाट बघत नाही.

शंभू पहाटे भरतीसाठी पळायचा. तासगाव रस्त्याला मागून पिकअप आली आणि त्याला उडवून गेली. त्याचा पळायचा हिरवा टी-शर्ट क्रांतीनं आयर्लंडला जाताना आठवण म्हणून मागून नेला होता. त्याचीच चिंधी तिनं महिन्यामागं त्या झाडाला बांधली. तेव्हापासून मनुबाई रोज डॉक्टरांच्या आधी लेकीला विचारायची, चिंधी कशी हाय. लेक म्हणायची, सुट्टी मिळाली की बघून येते.

आज ती गेली होती. नोरालाही चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेली होती. क्रांतीनं आधी छप्पर नसलेला जुना मठ दाखवला, मग नक्षीचा दगडी क्रूस, मग बांधापलीकडची मेंढरं. त्यांच्या ब्रिजिड नावाच्या संतबाईची हकीकतही सांगायला लागली. लेक गाव दाखवत नव्हती, वेळ काढत होती, हे आईला कळायला किती वेळ लागतो?

“चिंधी दाव,” मनुबाई म्हणाली.

क्रांतीनं फोन फांदीजवळ नेला. शेजारच्या चिंध्या काळ्या पडल्या होत्या, काहींचे नुसते धागे उरले होते. त्यांच्यात शंभूची हिरवी चिंधी दुकानातून आत्ताच आणल्यासारखी लकाकत होती.

“आई, नोराबाई म्हनती, ह्ये कापड आपन सगळी मेलो तरी कुजायचं न्हाई. सुती पायजे हुतं.”

मनुबाईनं एकेक कपडा आठवून बघितला. त्याची शाळेची पँट, ट्रॅकसूट, बहिणीच्या लग्नातला सदरा, एकही सुती नव्हता. सगळे तिनंच तासगावच्या बाजारात बोटांच्या चिमटीत चोळून, ओढून बघून घेतलेले. फाटायला नको, विटायला नको. कापड पारखावं तर मनुबाईनं, असं भावकीतल्या बायका म्हणायच्या. आपल्याच हातानं आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

डॉक्टरांनी सोमवारपर्यंत वाट बघायला सांगितलं होतं. सोमवारी मशीन चालू ठेवायचं की नाही ते घरच्यांनी ठरवायचं. आज शुक्रवार होता.

“ठिवूया आता फोन,” नानासो म्हणाले. ते लष्करात वीस वर्षं काढून आलेले. चिंधीवर त्यांचा विश्वास नव्हता, पण बेचाळीस दिवसांत त्यांनी बायकोला एकदाही अडवलं नव्हतं.

मनुबाईचं लक्षच नव्हतं. ती फोनमध्ये डोकं घालून बघत होती. “त्या म्हातारीच्या मांडीवर काय हाय गं?”

“तुजीच वाकळ. तिला लय गारठा लागतो.”

क्रांती परदेशी निघाली तेव्हा घरातली जुनी लुगडी, पोरांची बारकी कापडं जोडून मनुबाईनं ती वाकळ शिवली होती. कुठं काय लावलं होतं ते तिला डोळे झाकून सांगता आलं असतं. तिनं लेकीला वाकळेचा डावा कोपरा उलटायला लावला. तिथं निळ्या कापडावर पांढरे ठिपके होते. शंभूचं टोपडं. पहिलं वर्षभर ते त्याच्या डोक्यावर होतं, आणि धुऊन धुऊन पार विरलेलं होतं.

“सुती हाय ते. फाड.”

क्रांतीनं नोराला सांगितलं. म्हातारीनं कोपरा स्वतःच ताणून धरला, आणि क्रांती टाके दातांनी तोडायला लागली.

“तिला इचार,” मनुबाई म्हणाली, “सुती किती दिसांत कुजतं?”

क्रांतीनं विचारलं. म्हातारीनं उत्तर दिलं.

“हितं रोज पाऊस असतो, आई.”

“किती दिस?”

“वरीस. लय पाऊस झाला तर सात-आठ म्हैने.”

दार उघडून एक नर्स बाहेर आली, तेवढ्यापुरता आतल्या मशीनचा आवाज आला आणि दार लागलं. मनुबाईनं नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि तोंडाजवळ धरला.

“मग मधनं फाडू नगं,” ती म्हणाली. “कडंला इरलंय बघ, तितनं फाड. दोऱ्याएवढं बारीक फाड.”